उत्तरेची चौकट

गेल्या मे महिन्यात मी एका फोटोसाठी खालापूरला गेलो होतो. काम तेवढंच होतं. अर्ध्या तासात आटपून कर्जतला जेवायला परत येतो, असं घरी सांगून निघालो होतो. तुम्ही हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे तुम्हाला ते जमेलच असं नाही.

मी वाल्मिक ठोंबरे. कडावच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून स्मरणिका लिहितो. पतपेढीची पंचवीस वर्षं, भजनी मंडळाची पन्नास, भातगिरणीची पंच्याहत्तर. तालुक्यात कशालाही वर्षं पूर्ण झाली की लोक माझं दार ठोठावतात. माझी एक पद्धत आहे. आधी आकडे, मग आठवणी. आठवणी सांगताना माणूस थापा मारतो, आणि आकडे आधी हातात असले की थाप कुठे सुरू झाली ते कळतं. त्यामुळे मोहियुद्दीनशेठ मुकादम आपल्या आईस हॉकीच्या संघाला दहा वर्षं झाली म्हणून आले, तेव्हा मी हसलो नाही. बाकीचा तालुका दहा वर्षं हसून दमलेला होता.

शेठचा खालापूरला बर्फाचा कारखाना होता. मासळीवाल्यांना आणि लग्नाच्या सरबताला लाद्या जायच्या. घरोघर फ्रीज आले आणि लाद्या पडून राहू लागल्या. दुसऱ्या कोणी कारखाना विकला असता. शेठनी टीव्हीवर आईस हॉकी पाहिली आणि ठरवलं, बर्फ खपत नसेल तर त्याच्यावर माणसं पळवू. देशभरातल्या आठ पगारी संघांची एक स्पर्धा सुरू होणार होती आणि संघ सातच जमले होते. आठवा खालापूरचा झाला. नाव ठेवलं ‘खालापूर गारपीट’. त्यावर कडावच्या शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ शेठना भेटायला गेलं. खेळा काहीही, पण हे नाव तेवढं तोंडातून काढू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवर जर्सी छापून झाल्या होत्या.

खेळाडू दोन प्रकारचे. मोहोपाड्याच्या कंपनी कॉलन्यांत चाकांच्या स्केटवर वाढलेले, आणि कडावकडचे भात लावणारे. लडाखहून आलेल्या प्रशिक्षकांचा भातवाल्यांवर विश्वास नव्हता. पण गुडघाभर चिखलात बैलामागे ज्याने तोल सांभाळलाय तो बर्फावर पडत नाही, हे त्यांना आठवड्यात पटलं. थांबता मात्र कोणालाच येत नव्हतं. भिंतीवर आपटलं की थांबलं, अशी रीत होती. पहिल्या मोसमात चौदा सामने खेळले आणि चौदाही हरले.

गोलरक्षक दोन. पहिला शारिक, मोहोपाड्याचा. दुसरा राखीव, कडावचा नवनाथ, माझा विद्यार्थी. शाळेत मागच्या बाकावर बसायचा आणि आपल्याला कधी तरी विचारतील म्हणून रोज अभ्यास करून यायचा. मी विचारायचो नाही, हे आता कबूल करायला हवं. संघातही त्याचं तेच झालं. राखीव गोलरक्षकाने पूर्ण साज चढवून तयार बसायचं असा नियम आहे. नवनाथ सहा मोसम छातीला, पायाला त्या गाद्या बांधून बाकावर बसला. शारिकला कधी साधी सर्दी झाली नाही. नवनाथची आई आनंदीबाई प्रत्येक घरच्या सामन्याला शाल घेऊन यायची आणि बाकामागून त्याला म्हणायची, जरा उभा तरी राहा, म्हणजे दिसशील. सहाव्या मोसमानंतर तो लावणीला घरी गेला, तापाने पडला आणि चार दिवसांत गेला. एकही सामना न खेळता. मला अजून वाईट वाटतं.

आणि त्यानंतर, सातव्या मोसमापासून, गारपीट घरच्या मैदानावर जिंकायला लागली.

आता माझे आकडे ऐका. बर्फाच्या मैदानाला दोन टोकं, उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडे गोलची चौकट. एका सामन्याचे तीन डाव, आणि दर डावाला संघ बाजू बदलतात. घरच्या संघाला पहिली बाजू निवडता येते, म्हणून गारपीट पहिला आणि तिसरा डाव उत्तरेला उभी राहायची. शेठच्या कचेरीतून गुणपत्रिकांचा गठ्ठा आणून मी तक्ता मांडला. चार मोसम, घरचे अठ्ठावीस सामने. उत्तरेच्या चौकटीत झालेले गोल: शून्य. समोरच्यांचे शून्य, आणि मधल्या डावात आपण त्या बाजूला मारायचो तेव्हा आपलेही शून्य. जे काही झालं ते सगळं दक्षिणेला. मला वाटलं, कचेरीतल्या कोणीतरी रकाना चुकवलाय. मी दोनदा फोन करून भांडलो. बाहेरगावी हाच संघ नऊ-एकने मार खाऊन यायचा, त्याला सगळे म्हणायचे, पोरांना बाहेरचं पाणी मानवत नाही.

तर मुखपृष्ठासाठी मला उत्तरेच्या चौकटीत शिरणाऱ्या चकतीचा (या खेळात चेंडू नसतो, चकती असते) एक फोटो हवा होता. सामन्याचा मिळत नव्हता, म्हणून म्हटलं सरावात काढू. तो मंगळवार होता, दुपारचे बारा. मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे मी विसरलो होतो. बाहेर डांबर वितळत होतं. आत शिरलो आणि दार मागे बंद झालं.

आत अंधार. बर्फावरून धुकं उठून गुडघ्यापर्यंत आलेलं. यंत्रं बंद, त्यामुळे छतावरून गळणाऱ्या एकेका थेंबाचा आवाज लांबवर जाऊन परत यायचा. ओल्या रबराचा आणि घामट गाद्यांचा वास होता, तो मी समजू शकत होतो. पण उत्तरेकडे जसजसा गेलो तसा दुसराच वास यायला लागला. चिखलाचा. लावणीच्या शेताचा, ओला, गार. बॅटरीचा दिवा शेजारी ठेवून शारिक बाकावर एकटाच बसला होता.

मी त्याला कामाचं सांगितलं. मग त्याने एक काठी माझ्या हातात दिली, रबराची काळी चकती पायाशी टाकली आणि म्हणाला, तुम्हीच मारा. समोर उत्तरेची चौकट, मोकळी, आत कोणी नाही. पाच पावलांवरून. मी आयुष्यात गोटीसुद्धा नीट मारलेली नाही, पण एवढं कोणालाही जमेल. मी मारली. चकती सरळ गेली आणि रेषेपाशी...

ढप्प.

गादीवर उशी आपटावी तसा आवाज. चकती परत माझ्या पायाशी. मी म्हटलं, बर्फ उंचसखल असेल. पुन्हा मारली. ढप्प. तिसऱ्यांदा वरून मारली, तर ती हवेतच अडली, क्षणभर तिथेच राहिली, आणि अलगद खाली ठेवल्यासारखी खाली आली. मी काठी घट्ट धरून एक पाऊल मागे सरलो. त्यातही मास्तर मेला नव्हता. माझ्या मनात आलं, मागच्या बाकावरचं ते पोरगं अजून तयारी करून येतंय.

“नवनाथ हाय, सर,” शारिक हळूच म्हणाला. “चार वर्षं झाली... सगळ्यांना माहीत हाय. बोलत कोण नाय.”

मग त्याने सगळं सांगितलं. आपल्याकडे शेताच्या राखणदाराला दर वर्षी राखण देतात ते तुम्हाला ठाऊक असेल. नारळ फोडायचा आणि सांगायचं, अमक्या बांधापासून तमक्या बांधापर्यंत तू बघ. बर्फ घोटायचं यंत्र चालवणारा धाऊ डोंगरावरच्या ठाकरवाडीचा. सातव्या मोसमाआधी तोच म्हणाला की कारखान्याची जागा पूर्वी भाताची होती, राखण द्यायला हवी. पोरांना वाटलं, द्यायचीच तर आपल्या नवनाथच्या नावाने देऊ. नारळ फोडायच्या वेळी धाऊ यंत्र बंद करायला गेला आणि शब्द बोलला कप्तान स्वप्नील. हा कर्जत स्टेशनजवळच्या इमारतीत वाढलेला, बांध त्याने गाडीतून पाहिलेले. राखण देताना कोणापासून राखायचं आणि कुठल्या पिकापर्यंत, हे सांगावं लागतं. स्वप्नील म्हणाला, “नवनाथ, आता ही चौकट तुझी. हिच्यात काय म्हणजे काय जाऊ देऊ नको.”

नवनाथ सरळमार्गी. काय म्हणजे काय जाऊ दिलं नाही. आपलं नाही, परक्याचं नाही. मुदत सांगितली नव्हती, म्हणून थांबलाही नाही.

इथवर मला भीती वाटत होती, पण शारिकचा चेहरा पाहिला आणि भीतीपेक्षा दया आली. येत्या रविवारी बेंगळुरूच्या मोठ्या संघाचा माणूस त्याला पाहायला येणार होता. घरच्या मैदानावर देशात सर्वांत कमी गोल खाणारा गोलरक्षक म्हणून शारिकचं नाव झालं होतं, आणि त्यातलं किती आपलं आणि किती नवनाथचं हे त्याला स्वतःलाच कळेनासं झालं होतं. उत्तरेला तो अंग टाकायचा तेव्हा चकती आधीच अडलेली असायची.

“मला मोठं नाय व्हायचं, सर,” तो म्हणाला. “मला फक्त कळू दे... मी अडवतो का नाय. चार खाल्ले तर चार खाल्ले. पण माझे मी खाल्ले पाहिजेत.”

असं बोलणारं पोर तुम्हाला दुसरं भेटलं तर सांगा. मी तिथल्या तिथे ठरवलं, रविवारच्या आत नवनाथला मोकळं करायचं. शेठना सांगितलं नाही. त्यांना रक्तदाब आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रविवारचा सामना अंतिम होता.

धाऊ म्हणाला, राखण उठवायची तर रक्ताच्या माणसाने शब्द बोलायला हवा. गुरुवारी सकाळी मी कडावला जाऊन आनंदीबाईंना रिक्षात घालून आणलं. त्यांना सगळं समजावलं. त्या घाबरल्या नाहीत. एवढंच विचारलं की तो तिथे जेवतो काय.

बर्फावर गोणपाट अंथरून आम्ही त्यांना चौकटीपर्यंत नेलं. धाऊने नारळ फोडला. मी पढवलेलं वाक्य एकच होतं: राखण संपली, चौकट सोड. बाई दोन्ही हात चौकटीच्या खांबाला लावून उभ्या राहिल्या. खांबावर दहिवर जमलं होतं, ते त्या पदराने पुसत राहिल्या, पोराचं नाक पुसावं तसं. आणि मग बोलल्या.

“नवनाथ... राखण संपली रं बाबा, सोड चौकट. लय राखलीस. तुझी एक मॅच ऱ्हायली हाय, ती खेळून घे. आन मग हितं बसून ऱ्हाऊ नको. कुठंतरी चांगल्या पगाराच्या कामाला लाग.”

धाऊने माझ्याकडे पाहिलं, मी धाऊकडे. तो खालच्या आवाजात म्हणाला, बाई, एवढं बोलायचं नव्हतं. त्यावर आनंदीबाईंनी सांगितलं की कुठलीही आई एवढं बोललीच असती. खरं होतं. माझी आईही मी नोकरीत कायम होईपर्यंत रोज हेच म्हणायची.

चिखलाचा वास विरत गेला. मी काठी घेतली आणि चकती मारली. ती रेषा ओलांडून जाळीत शिरली. चार वर्षांनी उत्तरेला झालेला पहिला गोल एका निवृत्त मराठी शिक्षकाचा आहे. स्मरणिकेत घालू द्या म्हणून मी खूप म्हटलं, कोणी ऐकलं नाही.

रविवारी चार वाजता सामना. सगळं खालापूर लोटलं होतं. बेंगळुरूचा माणूस माझ्या शेजारीच बसला, गोल चेहऱ्याचा, गळ्याला दोन मफलर. शारिक साज चढवून, तोंडावर जाळीची टोपी घालून उत्तरेला उभा राहिला आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली. पहिली चकती आली. त्याने पायाने अडवली. दुसरी हाताने. तिसरीवर आडवा पडला. यात भुताटकी काही नव्हती, प्रत्येक चकतीवर माणूस झेपावत होता, उठत होता, पुन्हा झेपावत होता, आणि माझे डोळे भरून आले. मधल्या डावात दक्षिणेला गेला, तिथेही तेच. सदतीस चकत्या आल्या आणि एकही आत गेली नाही. आम्ही दोन-शून्यने जिंकलो. शेठ बर्फावर धावले आणि पडले आणि पडल्या पडल्या सगळ्यांना मिठ्या मारत राहिले. आनंदीबाई बाकामागे शाल गुंडाळून उभ्या होत्या. त्या बर्फाकडे बघून सारख्या मान हलवत होत्या. पोर जिंकलं म्हणून असेल, असं मला वाटलं.

बेंगळुरूकरांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. त्यांनी तिथेच कागद पुढे केले, शारिकने हातमोजा न काढता सही केली. शांत मुलगा आहे, एक शब्द बोलत नाही, मला असेच आवडतात, असं ते मला म्हणाले आणि त्याला घेऊन गाडीकडे गेले.

मी शारिकची पिशवी आणायला कपडे बदलायच्या खोलीकडे वळलो. त्यामागे सामान ठेवायची लहान खोली आहे. तिच्या दाराला बाहेरून कडी होती आणि आतून कोणीतरी थकलेल्या हाताने ठोकत होतं. कडीवर बर्फ जमलं होतं, ती काढताना माझी बोटं चिकटली. आत बनियनवर, तीन टॉवेल गुंडाळून, ओठ निळे पडलेला शारिक बसला होता.

“सर... मॅच सुरू झाली काय?”

मी त्याला तसाच ओढत बाहेर पळालो. गाडी फाटकातून वळत होती. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि गाडीच्या मागच्या काचेवर आतून दहिवर धरलं होतं. आम्ही हाका मारल्या. मागच्या सीटवरचं जाळीचं डोकं काही वळलं नाही.

शारिक अनवाणी तापल्या डांबरावर उभा होता. पाय भाजत होते, तरी हलला नाही.

“किती खाल्ले मी?”

“एकही नाही,” मी म्हटलं.

“मग मी नव्हतोच,” तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

आम्ही बेंगळुरूला फोन केला नाही असं समजू नका. मीच केला. पलीकडचे गृहस्थ हसले, म्हणाले, शारिक माझ्या समोर उभा आहे, आपण कोण? मी विचारलं, जेवतो का? म्हणाले, तेवढी एकच तक्रार आहे.

स्पर्धेच्या नियमात एक नाव एकाच संघात राहतं. शारिकचं नाव बेंगळुरूला गेलं, तेव्हा खऱ्या शारिकला इथे खेळवायचं कसं हा प्रश्न शेठपुढे पडला. नवनाथचं नाव यादीतून खोडायला कोणाचा हात झाला नव्हता, ते तसंच होतं. शेठ म्हणाले, तात्पुरतं. तेव्हापासून आमच्याकडे शारिक नवनाथ म्हणून खेळतो. सामन्याला तीन गोल खातो, कधी चार, तीस-पस्तीस अडवतो, आणि ते सगळे त्याचे स्वतःचे असतात. आधी फार खुशीत होता. फलकावर नवनाथ, जर्सीवर नवनाथ, बाहेरगावी पोरं सही मागतात तेव्हा तो हसत हसत नवनाथ अशीच करतो. हल्ली हसत नाही, नुसती करतो.

स्मरणिका छापून झाली तशी मी पहिली प्रत आनंदीबाईंना द्यायला कडावला गेलो. शारिकने स्कूटरवर सोडलं. तो अंगणात चिंचेखाली बसला. सकाळचे दहा वाजले होते. आत बाई फोनवर बोलत होत्या, पदराची चौपदरी घडी करून फोन कानाला धरला होता. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

“दर रविवारी करतो. धरा गुरुजी, तुमी बी बोला. तुमी शिकवलंय त्याला.”

फोन घेताच कान बधिर झाला. पलीकडे काही नव्हतं, फक्त लांबवर गळणारा एक थेंब. मी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोराला काहीतरी विचारायची माझी वेळ होती.

“नवनाथ... बरा आहेस ना?”

मग अगदी नम्र आवाज आला.

“नवनाथ नाय, सर. मी शारिक.”

मी उंबऱ्यात येऊन अंगणाकडे तोंड केलं आणि जिवाच्या आकांताने हाक मारली, “शारिक...”

चिंचेखाली बसलेल्या पोराने मान वर केली नाही. ‘ओ’ आली ती माझ्या कानातल्या फोनमधून.